दातृत्वाचा वर्ग कोणता?

गरिबाचे मन मोठे असते आणि श्रीमंताचा हात आखडता असतो, असे विधान सभेत केले की टाळ्या हमखास पडतात. उलट विधानालाही श्रोत्यांची वाण नाही. गावातील शाळेची इमारत, नदीवरचा घाट, शहरातले रुग्णालय आणि तीर्थक्षेत्रातील धर्मशाळा कोणी बांधली, असा प्रश्न विचारून धनिकांच्या औदार्याची ग्वाही देणारे वक्ते प्रत्येक तालुक्यात आढळतात. या दोन्ही विधानांत एक समान गृहीत दडलेले आहे. मनुष्याचा वर्ग त्याच्या अंतःकरणाची घडण ठरवतो आणि दातृत्व हा त्या अंतःकरणाचा गुण आहे, हे ते गृहीत होय. समाजवादी कार्यकर्त्यांनी ते कितपत मान्य करावे, याचा विचार शांतपणे होणे आवश्यक आहे. कारण ज्या भावनेला टाळ्या मिळतात, त्या भावनेवर धोरण उभे करता येतेच असे नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचा अभ्यास प्रयोगांच्या साहाय्याने झाला आहे. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पॉल पिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. त्यांपैकी एकात सहभागी व्यक्तीच्या हाती काही गुण देऊन त्यांतले किती अनोळखी जोडीदाराला द्यावयाचे, हे तिच्यावर सोपविण्यात आले. या गुणांचे पुढे पैशात रूपांतर होणार होते. खालच्या वर्गातील व्यक्तींनी वरच्या वर्गातील व्यक्तींपेक्षा अधिक वाटा दिला, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. तो गाजणे स्वाभाविक होते. अनेकांच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीला त्याने विज्ञानाचा शिक्का दिला.

परंतु प्रयोगशाळेत दहा गुण वाटणे वेगळे आणि संसाराच्या रामरगाड्यात पैसा वाटणे वेगळे. २०१५ साली काही जर्मन संशोधकांनी हजारो कुटुंबांची माहिती देणाऱ्या मोठ्या पाहण्या तपासल्या, तेव्हा त्यांना उलट चित्र दिसले. देणगी देणाऱ्यांचे आणि सार्वजनिक कामाला वेळ देणाऱ्यांचे प्रमाण वरच्या वर्गात अधिक होते. त्यानंतर २०१७ साली जेम्स आंद्रिओनी, निकोस निकिफोराकिस आणि यान स्टूप यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो या वादात सर्वांत उद्बोधक म्हणावा लागेल. नेदरलँड्समधील एका शहरात त्यांनी श्रीमंत व गरीब घरांच्या टपालपेट्यांत चुकून आल्याचा देखावा करून पाकिटे टाकली. आत काय आहे, हे बाहेरून कळत होते. काही पाकिटांत रोख नोटा होत्या. काहींत दुसऱ्या कोणाला वटवताच येणार नाही असा कागद होता. पाकिटे परत करण्याचे प्रमाण श्रीमंतांच्या घरी अधिक निघाले. येथवर पाहिले तर श्रीमंत अधिक सज्जन, असेच कोणीही म्हणेल. तथापि संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. गरीब घरावर त्या आठवड्यात पैशाची ओढाताण किती होती, वेतनाचा दिवस जवळ होता की दूर, याचा हिशेब त्यांनी केला. हा ताण आणि पैशाची निकड बाजूला काढल्यावर दोन वर्गांच्या वृत्तीत काही फरक उरला नाही. श्रीमंतांजवळ अधिक पैसा आहे, हाच काय तो मुख्य फरक होता.

हा निष्कर्ष सभा गाजविण्याच्या कामाचा नाही. परंतु समाजवादाला तो प्रतिकूल आहे, असे समजणे चूक ठरेल. १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत कार्ल मार्क्सने स्पष्ट केले होते की, त्या ग्रंथातील भांडवलदार व जमीनदार ही माणसे आर्थिक संबंधांची मूर्त रूपे म्हणूनच आली आहेत. त्या संबंधांची जबाबदारी एकेकट्या व्यक्तीवर टाकण्याचा त्याचा हेतू नव्हता. भांडवलदार वाईट मनाचा असतो म्हणून शोषण होते, असे मानणाऱ्याला चांगल्या मनाचा भांडवलदार भेटला की त्याचा समाजवाद संपतो. महाराष्ट्रात असे भेटणारे थोडे नाहीत. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उभे राहिले आणि समाजशास्त्राचे शिक्षण देणारी टाटा संस्था १९३६ साली सुरू झाली, ती खाजगी विश्वस्त निधीतूनच. या कार्याचे मोल नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही. प्रश्न देणाऱ्याच्या मनाचा नाही. देण्याची व्यवस्था कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे.

मग गरिबाच्या मदतीचे स्वरूप कोणते? गिरणगावाचा इतिहास त्याचे उत्तम उत्तर देतो. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि शेजारच्या बाईच्या खानावळीत जेवत. महिन्याचा पगार झाला की खानावळीचे पैसे चुकते होत. संपात पगार थांबला तरी जेवणाचे ताट थांबत नसे. खानावळवाली बाई वाण्याकडून उधार आणी, प्रसंगी सावकाराचे जबर व्याज भरी आणि कामगाराला उधारीवर जेवू घाली. तिच्या या अदृश्य भांडवलाचा उल्लेख संपाच्या इतिहासात क्वचितच होतो. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकांच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा हे भांडवल प्रथमच हिशेबात आले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. हजारो कामगार गावाकडे परतले आणि भावकीने आपल्या तुटपुंज्या भाकरीत त्यांना वाटेकरी करून घेतले.

या मदतीला दान म्हणणे अयोग्य आहे. खानावळवालीला ठाऊक होते की कामगार टिकला तर तिची खानावळ टिकेल. भावकीला ठाऊक होते की मुंबईच्या मनिऑर्डरीवर तिचीही चूल पेटत आली आहे. ज्याच्याजवळ ठेव नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, त्याची ठेव शेजाऱ्याच्या घरात असते. शेतीतील सावड आणि इर्जिक, वस्तीतील भिशी, लग्नातील आहेर व त्याची वहीत ठेवलेली नोंद हे सारे या अलिखित विम्याचेच प्रकार होत. आज ज्याने दिले, त्याला उद्या मागावे लागणार आहे. म्हणून देणारा वर नसतो आणि घेणारा खाली नसतो. दोघांत जे नाते निर्माण होते त्याला उपकार म्हणत नाहीत, ऋणानुबंध म्हणतात. शिवाय गरिबाची भूक गरिबाला दिसते. पत्र्याच्या भिंतीपलीकडे चूल पेटली नाही, हे अलीकडे लगेच कळते. ज्याची वसाहत कुंपणाच्या आत आहे, त्याला गरीब मनुष्य केवळ नोकर, पहारेकरी अथवा रस्त्यावरील अडथळा म्हणून दिसतो. त्याचे अंतःकरण कोरडे असतेच असे नाही. त्याच्या दृष्टीच्या वाटेतच भिंत उभी केलेली असते.

मात्र गरिबांच्या या परस्परसाहाय्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकणे हा अप्रामाणिकपणा होईल. पहिली मर्यादा जातीची. भाकरीत वाटेकरी करून घेणारे गाव पाण्यात वाटेकरी करून घेत नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ गावोगाव न्यावी लागली. ज्या विहिरीवर दलित स्त्री ओंजळ पुढे करून तासन्‌तास वाट पाहत असे, त्या विहिरीवर घागर भरणारी सवर्ण स्त्रीही बहुधा गरीबच होती. वर्ग एक असूनही हात आखडला. कारण ऋणानुबंधाची वही जातीच्या वेशीपाशी मिटत होती. करोनाच्या साथीतही हे पाहावयास मिळाले. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतील मजूर पायी निघाले. महामार्गालगतच्या वस्त्यांनी त्यांना पाणी व भाकरी दिली. त्याच दिवसांत कित्येक गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकून, चर खणून, मुंबई-पुण्याहून परतणाऱ्या आपल्याच माणसांना वेशीबाहेर ठेवले. दोन्ही कृती गरिबांच्याच होत्या. भयाने ग्रासलेला मनुष्य कोणत्या वर्गाचा आहे, यावरून तो दार उघडील की लावील हे सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, गरिबाच्या घरातील औदार्याची किंमत बहुधा त्या घरातील स्त्री मोजते. पाहुण्याच्या पानात वाढलेली भाकरी तिच्या वाट्यातून कमी झालेली असते. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. अलिखित विमा एकट्या घरावरील संकटाला पुरतो. सर्वांवर एकदम कोसळलेल्या संकटाला पुरत नाही. एकाचा बैल मेला तर सावडीने नांगरट होते. साऱ्या तालुक्याचे बैल चाऱ्यावाचून मरू लागले, तर सावड कोणी कोणाची करावयाची? अठरा महिने गिरण्या बंद राहिल्यावर भावकीचीही कणगी रिकामी होते. शासनाने हात झटकून ‘लोक एकमेकांना सांभाळून घेतात’ असे म्हणणे म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत थोडे आहे, त्याच्यावर सर्वांत मोठा कर बसविणे होय.

आता धनिकांच्या देण्याकडे वळावे. स्वातंत्र्योत्तर काळात या देण्याची सर्वांत भव्य कसोटी भूदानाने घेतली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना शंभर एकर जमीन दिली. पुढे पाच कोटी एकरांचा संकल्प झाला. विनोबांची तपश्चर्या, त्यांची पदयात्रा आणि जयप्रकाशांसारख्या समाजवादी नेत्याने त्यासाठी वाहिलेले जीवन यांविषयी कोणी शंका घेणार नाही. नैतिक आवाहन याहून उंच कंठातून निघणे शक्य नव्हते. तरीही प्रत्यक्षात चाळीस लाखांहून काही अधिक एकरांचीच दानपत्रे झाली. त्यांतीलही मोठा भाग खडकाळ, वादग्रस्त अथवा शेवटपर्यंत न वाटलेला राहिला. महात्मा गांधींच्या विश्वस्त कल्पनेचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग तेथवर पोहोचून थांबला. जमीनदार विशेष दुष्ट होते म्हणून असे घडले नाही. जी संपत्ती सत्तेचा पाया असते तिचा गाभा सोडून कडेचा तुकडा देणे, हा त्या स्थानाचाच स्वभाव आहे.

आजच्या काळातील भूदान म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. २०२०-२१ आणि २०२१-२२ या वर्षांत हा खर्च देशभरात वर्षाला सव्वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास होता. रक्कम लहान नाही. परंतु तिच्याशेजारी दुसरी रक्कम ठेवून पाहावी. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, बावीस टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. याआधी १९८५ साली मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर गेला होता आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती करही रद्द केला होता. उजव्या हाताने शंभर घेऊन डाव्या हाताने अठरा वाटले, तर त्या डाव्या हाताचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे त्या अठरांचा मालक कोण, ही होय. कराचा रुपया विधिमंडळाच्या मंजुरीने खर्च होतो. त्याचा जाब आमदाराला विचारता येतो, लेखापरीक्षक मांडतो, विरोधी पक्ष सभागृहात गाजवितो. दानाचा रुपया कोठे जावा, हे संचालक मंडळ ठरविते. म्हणूनच हा पैसा जेथे कारखाने आहेत अशा महाराष्ट्रासारख्या राज्यात अधिक राहतो आणि जेथे दारिद्र्य आहे पण कारखाने नाहीत, तेथे कमी पोहोचतो. करोनाच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने असा खुलासा केला की पंतप्रधानांच्या नव्या निधीला दिलेली देणगी सामाजिक दायित्वात धरली जाईल, मुख्यमंत्र्यांच्या साहाय्यता निधीला दिलेली धरली जाणार नाही. दानाची गंगा कोणत्या पात्रातून वाहावी, हे ठरविणे राजकीय सत्तेचेच काम असते, याचे याहून उघड उदाहरण शोधावयास नको.

दान आणि कर यांच्या मधोमध एक तिसरा मार्ग महाराष्ट्राने एकदा काढून दाखविला. १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडण्यासाठी, पाझर तलाव खणण्यासाठी लाखो स्त्री-पुरुष उन्हात उभे राहिले. १९७३ च्या उन्हाळ्यात ही संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या वेळी अन्नछत्रे उघडून काम भागविता आले असते. त्याऐवजी वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगाला राज्यव्यापी रूप आले आणि डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी कामावरील मजुरांच्या संघटना बांधून त्यामागे रेटा उभा केला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कारकून, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी यांच्या खिशातून दरमहा काही रुपये गेले, त्यात शासनाने आपला वाटा घातला आणि दुष्काळी तालुक्यातील मजुराने मागितल्यावर काम मिळण्याचा हक्क निर्माण झाला. काम न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद होती. तो अत्यंत तुटपुंजा होता, हेही नमूद केले पाहिजे.

या व्यवहाराचे नैतिक सौंदर्य त्याच्या साधेपणात होते. शहरातल्या पगारदाराला कोणी दानशूर म्हटले नाही आणि खडी फोडणाऱ्या बाईला कोणी याचक म्हटले नाही. दोघांची ओळखही नव्हती. तो उदार होता की कंजूष, हे तिच्या चुलीच्या दृष्टीने गौण ठरले. खोटी हजेरीपटे, रखडलेली मजुरी, निधी पडून असताना बंद ठेवलेली कामे हे दोष या योजनेत होते आणि त्यांविरुद्ध मोर्चेही निघाले. पण मोर्चा निघू शकला, हीच तर हक्काची खूण आहे. दात्याच्या दारावर कोणी मोर्चा नेत नाही; तेथे हात जोडूनच उभे राहावे लागते. पुढे २००५ साली देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची बीजे या मातीत होती. एकदा मिळालेला हक्क आपोआप टिकत नाही, हेही त्यानंतरच्या वर्षांनी दाखविले आहे.

असाच एक हक्क आज महाराष्ट्रात जवळजवळ बेवारस पडला आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या विश्वस्त रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. रुग्णांकडून वसूल होणाऱ्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करावयाची असते. करसवलती व इतर लाभ या संस्थांना धर्मादाय या शब्दापोटी मिळालेले आहेत. तेव्हा या खाटा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, ती समाजाने आगाऊ चुकविलेली किंमत आहे. तरीही शेतमजुराचा मुलगा दाखल होतो तेव्हा अनामत रकमेसाठी बाप मंगळसूत्र मोडतो, गावात वर्गणी फिरते, नातेवाईक भ्रमणध्वनीवरून अनोळखी लोकांकडे मदतीची याचना करतात. वर्गणी देणारे बहुधा गरीबच असतात. त्यांची माणुसकी वंदनीय आहे. पण ज्या खाटेवर त्या मुलाचा कायद्याने अधिकार होता, तिच्यासाठी गरिबांनीच पुन्हा एकदा वर्गणी काढावी, यात चळवळीचे अपयश आहे. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे जाणारा, नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करणारा एक कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात असेल, तर दहा वर्गण्यांचे काम होईल.

याचा अर्थ कार्यकर्त्यांनी वर्गणी काढूच नये असा नव्हे. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले, तेव्हा कष्टकऱ्याला स्वस्त आणि सकस अन्न मिळाले. ते त्याच्याच संघटनेचे होते, म्हणून त्याच्या स्वाभिमानाला धक्का लागला नाही. संपनिधी, पूरग्रस्तांसाठी धान्य, रक्तदान ही कामे चळवळीला नेहमीच करावी लागतील. त्यांची पारख मात्र एका प्रश्नाने व्हावी. मदत घेणाऱ्याला मदत देणाऱ्याकडे हिशेब मागता येतो काय? येत असेल तर ती बंधुता आहे. येत नसेल, तर देणाऱ्याचे मन कितीही निर्मळ असो, त्या मदतीने विषमतेचा एक खिळा अधिक पक्का होतो.

सुदाम्याच्या पोह्यांची कथा मराठी घरात प्रत्येक मुलाला सांगितली जाते. गरिबाने मूठभर पोहे आणले, राजाने ते प्रेमाने खाल्ले आणि सुदाम्याची झोपडी सोन्याची झाली. कथा गोड आहे आणि दोघांच्याही औदार्याची साक्ष देते. परंतु सुदाम्याचे भाग्य असे की तो सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाबरोबर शिकला होता. ज्यांना त्या आश्रमात प्रवेशच नव्हता, द्वारकेच्या द्वारपालाने ज्यांना ओळखले नसते, अशांचे पोहे पुरचुंडीतच राहिले. समाजवादी कार्यकर्त्याने त्यांच्यासाठी नवा कृष्ण शोधत हिंडावयाचे नाही. आपल्या तालुक्यातील रोजगाराच्या कामाचे हजेरीपट तपासणे, धर्मादाय रुग्णालयातील रिकाम्या खाटांची यादी मागणे आणि ती मिळेपर्यंत दारातून न हलणे, हे त्याचे आजचे काम आहे.